रावियाच्या स्कार्फची गाठ

इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात मुलींच्या शाळेत शिकलेली आणि इन्शिराह अब्लाची शिट्टी न ऐकलेली बाई शोधूनही सापडायची नाही. अब्ला म्हणजे शाळेतल्या बाई. ती शिकवायची गृहशास्त्र, पण ते घंटा होईपर्यंत. जीव सगळा गाइडच्या पथकात. शाळकरी वयात गळ्यात जो स्कार्फ बांधला, तो लग्न झालं, मुलगा हाझिम झाला, नोकरीतून निवृत्त झाली, तरी उतरला नाही. अजूनही गुरुवारी दुपारी ती शाळेच्या अंगणात हजर असते. पोरींना तंबू ठोकायला शिकवते, तीन दगडांची चूल मांडायला शिकवते आणि खोटं बोललेलं पकडते.

हाझिम कुवेतला नोकरीला गेला तेव्हा त्याची खोली रिकामी झाली. वर्षभरात ती इतकी भरली की खिडकीपर्यंत जायला वाट राहिली नाही. बिल्ले, शिट्ट्या, पट्टे, कुठल्या तरी शिबिरातली चेपलेली किटली, तंबूच्या खुंट्या, आणि स्कार्फ तर विचारू नका. आसपासच्या बायका घर आवरायला काढलं की भंगारवाल्याच्या आधी इन्शिराहला फोन करायच्या. बिल्ला नुसता हातात घेऊन ती सांगायची, हा मूळचा, हा बाजारातला. नकली असला की तिला राग यायचा, अगदी स्वतःला फसवल्यासारखा.

तिचा नवरा, शौकी, रेल्वेतून निवृत्त झालेला शांत माणूस. पाहुणे आले की तो म्हणायचा, "या घरात बिल्ला न लावलेले दोनच जीव आहेत, मी आणि मांजर. आणि मांजराचा काही भरवसा नाही."

"तुला लावला असता," ती म्हणायची, "पण तू वचन कुठे पाळतोस? परवापासून गॅसचा नळ बघतो म्हणतोयस."

अशा त्या खोलीत एकच गोष्ट नव्हती. तिच्या स्वतःच्या पहिल्या पथकाचा स्कार्फ.

ते त्र्याहत्तरच्या युद्धाचं वर्ष होतं. कापड मिळत नव्हतं, म्हणून शिवणाच्या बाईंनी शाळेच्या रंगमंचाचा जुना हिरवा पडदा कापला आणि मुलींनी त्याला कडेने पांढऱ्या दोऱ्याची जाळी विणली. पुढच्या वर्षी गणवेश बदलला आणि ते स्कार्फ घराघरातून नाहीसे झाले. इन्शिराहच्या आईने तर तिच्या स्कार्फात चीज बांधून टांगलं होतं. गळून गळून तो फाटला. राहिला होता फक्त रावियाचा.

राविया तिची संघनायिका. वर्षा-दीड वर्षाने मोठी, मोठ्याने हसणारी. जखमी सैनिकांची पत्रं लिहून द्यायला मुली इस्पितळात जायच्या तेव्हा सगळ्यात जास्त पत्रं रावियाची व्हायची, कारण ती सैनिकांना मजकूरही सुचवायची. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या डोक्यात ताप चढला आणि दोन-तीन दिवसांत ती गेली. पथक तिच्या दारात रांगेत उभं राहिलं होतं. इन्शिराहला त्यातलं एवढंच आठवतं की कुणीतरी तिचा हात फार घट्ट धरला होता.

रावियाची आई वगीदा अजून आहे. हज करून आलेली, म्हणून सगळे तिला हाग्गा म्हणतात. नव्वदीला टेकली आहे, धाकटी मुलगी मागदा तिच्याजवळ राहते. दर ईदला इन्शिराह तिच्याकडे खजूर भरलेले काह्क, ईदची बिस्किटं, घेऊन जायची. हाग्गा तिला जवळ बसवून घ्यायची, तिचा चेहरा हातात धरायची आणि म्हणायची, "सगळ्या विसरल्या. तू मात्र येतेस." इन्शिराह मान खाली घालायची. कारण बसल्या जागेवरून तिला कपाट दिसायचं, आणि त्या कपाटात काय आहे ते तिला माहीत होतं. तिने कधी मागितलं नाही. पण कपाटाकडे बघितलं नाही, असंही कधी झालं नाही.

यंदा शाळेच्या गाइड पथकाचा मोठा समारंभ ठरला. शाळेत आता पथक बघते ती दुआ, इन्शिराहचीच विद्यार्थिनी. "अब्ला, तुमची खोली आपण सभागृहात आणायची," ती म्हणाली. बातमी हाग्गापर्यंत गेली आणि तिचा निरोप आला, येऊन जा.

"बस," हाग्गा म्हणाली. "मागदा, आण गं ते."

मागदाने उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला स्कार्फ आणला. इतक्या वर्षांनीही हिरवा रंग टिकला होता. एका टोकाला गाठ होती.

ही गाठ प्रत्येक गाइडला माहीत असते. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची. दिवसभरात कुणाचं तरी एक काम करायचं, न सांगता, न मागता, आणि मग गाठ सोडायची. ज्याची त्याने बांधायची, ज्याची त्याने सोडायची.

"त्या दिवशी सकाळी तिने बांधली," हाग्गा म्हणाली. "दुपारी आली ती डोकं धरून. मी कपडे बदलायला गेले तर म्हणते, अम्मी, गाठ सोडू नकोस हं. आज अजून मी कुणाचं काही केलं नाहीये. बरी झाले की मीच सोडीन." हाग्गाने गाठीवरून अंगठा फिरवला. "मी सोडली नाही. तू पण सोडू नकोस. धुवू नकोस, काही करू नकोस. दाखव सगळ्यांना आणि परत आण."

"अगदी डोळ्यांवर ठेवून जपीन, हाग्गा."

आणि हे म्हणत असताना इन्शिराह कडेच्या जाळीचे टाके बघत होती. किती नीट राहिलेत, कुठेच उसवलेले नाहीत. हाग्गाचं बोलणं तिने ऐकलं होतं. प्रत्येक शब्द ऐकला होता. पण देणारी प्रत्येक बाई काहीतरी सांगते, सांभाळ, जप, ऊन लावू नकोस. ऐकता ऐकता तिच्या कानाला त्याची सवय झाली होती.

त्याच आठवड्यात तिने समारंभासाठी सगळे स्कार्फ धुवायला काढले. बादलीत गार पाणी, रंग जाऊ नये म्हणून मीठ, साबणाचा हलका हात. शेजारी फोन चालू ठेवलेला आणि त्यात दुआ बोलत होती. टेबलं कमी पडतायत, मुख्याध्यापिका खुर्च्या द्यायला तयार नाहीत.

"तिला सांग, खुर्च्या दे नाहीतर तुझं शाळेतलं छायाचित्र लावते. वेण्या घातलेलं," इन्शिराह म्हणाली. दोघी हसल्या.

हात चालू होते. एखाद्या स्कार्फला टाचणी असायची, ती काढायची. एखाद्याला आकडा, एखाद्याला गाठ. काढायचं, बुडवायचं, चोळायचं, पिळायचं. चाळीस वर्षं शिबिरांत पोरींचे स्कार्फ धुतलेले ते हात, त्यांना डोक्याची गरज नव्हती.

शौकी सज्ज्यात चहा पीत बसला होता. ती दोरीवर शेवटचा चिमटा लावत होती तेव्हा तो म्हणाला, "हा पडद्याचा ना? छान निघालाय हं."

तिने बघितलं. हिरवा स्कार्फ उन्हात पसरला होता. सगळी टोकं सपाट, मोकळी, वाऱ्यावर हलत होती.

ती तिथेच, ओल्या फरशीवर बसली.

"चक्कर आली का?" शौकी उठला. "इन्शिराह? पाणी आणू?"

"गाठ," ती म्हणाली. "शौकी, मी गाठ सोडली."

त्याला सगळं समजावून सांगावं लागलं. सांगताना तिला कळलं की हे तोंडाने बोलायलाही नको वाटतंय. त्याने कप खाली ठेवला.

"बांध परत," तो म्हणाला.

"ती रावियाने बांधलेली होती."

"गाठीवर नाव असतं का कुणाचं?"

"माझ्या मनावर असतं," ती म्हणाली. मग तिलाच त्या बोलण्याची लाज वाटली, कारण ते फार चांगलं वाटत होतं आणि ती चांगली नव्हती.

"मग सांग तिला."

"नव्वदीची बाई आहे रे. पन्नास वर्षं जपली तिने. काय सांगू? बादलीत बुडवली म्हणून सांगू?"

"मग बांध," शौकी म्हणाला, आणि आत गेला.

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान झाली. ती वुझू करायला, नमाजाआधी हात-तोंड धुवायला उठली. नळाखाली हात धरले आणि धरूनच राहिली. हेच हात. नमाज तिने पढली, पण सजद्यात कपाळ टेकल्यावर काय मागावं ते सुचेना. माफी मागायची तर आधी हाग्गाची मागायला हवी, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं आणि तिने शेकडो पोरींना शिकवलं होतं.

तरीही तिने बांधली.

पहिली गाठ फार कोरी दिसली. फुगलेली, कालची. मग तिने टोक ओलं केलं, घट्ट बांधलं आणि पितळी खलाखाली दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काढलं तर बरं वाटलं, पण कडा फार स्वच्छ. तिने बशीत थोडा कोरा चहा घेतला, बोट बुडवलं आणि गाठीच्या घड्यांवरून फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. वाळल्यावर लांब धरून बघितलं. खिडकीतल्या उजेडात बघितलं. नकली बिल्ला एका नजरेत ओळखणारी बाई, आता गाठ जुनी झाली की नाही ते बघत होती. शौकी दारातून गेला. तो काही विनोद करेल अशी ती वाट बघत होती. त्याने केला नाही.

समारंभाच्या दिवशी सभागृह माणसांनी भरून गेलं. जुन्या गाइड आपल्या नातवंडांना घेऊन आल्या, काचेच्या पेट्यांवर वाकून एकमेकींना ओरडून हाका मारत होत्या. "अगं, ही किटली! हिच्यात आपण मसूर जाळला होता." "आपण नाही, तू जाळलास. आम्ही खाल्ला." इन्शिराहचं सगळ्या कौतुक करत होत्या. त्या कौतुकाने तिला अंगावर खाज सुटावी तसं होत होतं.

मागदाने हाग्गाला चाकाच्या खुर्चीतून आणलं. हिरव्या स्कार्फाच्या पेटीसमोर खुर्ची थांबली.

"काच काढा," हाग्गा म्हणाली.

दुआने काढली. हाग्गाने स्कार्फ मांडीवर घेतला, चाचपत गाठीपर्यंत गेली, आणि गाठ ओठांना लावली. डोळे मिटून तशीच बसली. मग तिने वास घेतला.

"वास गेला गं तिचा," ती हळूच म्हणाली.

"पेटी नवी आहे, हाग्गा. लाकडाचा वास लागला असेल." इन्शिराहच्या तोंडून हे निघालं आणि तिला कळलं की आपण खोटं बोलायलाही आता अडखळत नाही.

"असू दे. गाठ आहे ना." हाग्गाने तिचा हात धरला, दोन्ही हातांनी. "अल्लाह तुझं भलं करो. माझ्या पोरीला तू सांभाळलंस."

तेवढ्यात दुआच्या मनात एक कल्पना आली. पोरगी हुशार आहे, आणि मनाने चांगली आहे, त्यात तिची काय चूक. त्या दिवशी नव्या मुली गाइडचं वचन घेणार होत्या. ती हाग्गाच्या कानाशी वाकून काही बोलली, हाग्गाने मान डोलावली. दुआने ध्वनिक्षेपकावरून रावियाची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "आजपासून आपल्या पथकातली प्रत्येक मुलगी या गाठीवर हात ठेवून वचन घेईल. हाग्गा वगीदांनी स्कार्फ शाळेला कायमचा द्यायचं कबूल केलंय. आणि ते म्हणवून घेतील आपल्या इन्शिराह अब्ला."

टाळ्या झाल्या. हाग्गा रडत हसत होती. इन्शिराहला पुढे ढकलण्यात आलं.

एक-एक मुलगी आली. डावा हात गाठीवर, उजवा सलामीला. "मी माझ्या इभ्रतीची शपथ घेऊन वचन देते," इन्शिराह म्हणायची, आणि मुलगी मागून म्हणायची. "अल्लाहप्रती आणि देशाप्रती माझं कर्तव्य करण्याचं." मुलगी मागून म्हणायची. इतकी वर्षं हे शब्द तिने हजारदा सांगितले होते. त्या दिवशी 'इभ्रत' हा शब्द ती प्रत्येक वेळी घाईने उरकत होती. मुलींचे हात त्या चहा लावलेल्या गाठीवर येत होते, घामेजलेले, खरे. एकीचे तर डोळे भरले होते.

घरी आल्यावर शौकीने ताटात मोलोखियाची पातळ भाजी वाढली. तिने भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"आता दर वर्षी," ती म्हणाली. "मी मेल्यावरही."

शौकी म्हणाला, "उद्या हाग्गाकडे मी येऊ का बरोबर?"

"नको. मी एकटीने धुतला, एकटीच जाते."

दुसऱ्या दिवशी तिने दुआकडून स्कार्फ मागून घेतला, एका दिवसाकरता म्हणून, आणि हाग्गाच्या घरी गेली. बरोबर काह्क नव्हते, काहीच नव्हतं. मागदा मासे तळत होती. घरभर जिऱ्या-लसणाचा वास होता. हाग्गा खिडकीशी बसली होती.

"ये ये! काल मला झोपच आली नाही आनंदाने. मागदा, हिच्यासाठी पण टाक गं मासा."

"हाग्गा, आधी ऐका माझं." इन्शिराह बसली नाही. उभ्यानेच स्कार्फ पुढे केला. "ही गाठ मी बांधलेली आहे."

हाग्गाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालीस?"

"रावियाची नाही ही. मी स्कार्फ धुतला. तुम्ही सांगितलं होतं, तरी धुतला. धुताना गाठ सुटली... नाही, सुटली नाही, मी सोडली. मग मी दुसरी बांधली. जुनी दिसावी म्हणून तिला चहा लावला. काल तुमच्याशी खोटं बोलले."

स्वयंपाकघरात मासे तसेच कढईत राहिले होते. मागदा दारात उभी होती, हातात झारा.

हाग्गा तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग काल मी कुणाची गाठ ओठांना लावली?"



"मला आधीच माहीत होतं!" मागदाचा आवाज चढला. "ईदला यायची ती कपाटाकडे डोळे लावून बसायची. मी म्हणायची, अम्मी, हिला रावियाचं काही पडलेलं नाही, हिला कापड हवंय. तू म्हणायचीस, जीव लावते गं पोर. खरं सांग आता, अब्ला. ह्याच्यासाठीच यायचीस ना?"

"ह्याच्यासाठीसुद्धा," इन्शिराह म्हणाली. साठी उलटलेली बाई, आणि शाळेत कान धरून उभं केल्यासारखी ती उभी होती. "रावियासाठी यायची. पण ह्याच्यासाठीसुद्धा. कशासाठी जास्त, ते मला आता सांगता येणार नाही."

"मागदा, मासे करपतील," हाग्गा म्हणाली. "जा."

मागदा गेली. हाग्गाने स्कार्फ घेतला, पण गाठीला हात लावला नाही. दुसऱ्याची वस्तू धरावी तशी कडेने धरली.

"मुलींना मी सांगेन," इन्शिराह म्हणाली. "सगळ्यांसमोर. त्यांनी माझ्या खोट्यावर वचन घेतलंय."

"ते तू बघ. मुली तुझ्या आहेत. राविया माझी." हाग्गाचा आवाज चढला नव्हता. "मला एकच सांग. तू सोडलीस तेव्हा गाठ कशी होती?"

"म्हणजे?"

"एकदा वळलेली होती की दोनदा? लहानपणी तिला दोनदा वळायची सवय होती, बुटाची नाडीसुद्धा. घट्ट होती की सैल? तिला त्या सकाळपासूनच बरं नसेल, तर बोटांत जोर नसेल. पन्नास वर्षं मी हाच विचार करतेय. पण बघायला म्हणून सोडली तर तिला काय तोंड दाखवू, म्हणून हात लावला नाही." ती पुढे वाकली. "तिच्यानंतर त्या गाठीत शिरलेली बोटं तुझीच. तुलाच माहीत असणार. सांग ना, पोरी. मी रागावणार नाही."

इन्शिराहने डोळे मिटले. बादली आठवली. मीठ आठवलं. दुआचा आवाज आठवला, खुर्च्या, मुख्याध्यापिकेच्या वेण्या, आपलं हसणं. साबणाची वडी कुठल्या बाजूला ठेवली होती तेही आठवलं. बोटांना काय लागलं ते आठवलं नाही. सुटायला वेळ लागला का, नख लावावं लागलं का, काही नाही. एक क्षणभर तिला वाटलं, दोनदा वळलेली होती म्हणून सांगावं. घट्ट होती म्हणावं. म्हातारीला तेवढंच हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"आठवत नाही, हाग्गा," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

हाग्गाने स्कार्फ पुढे केला.

"ही सोड. तुझी आहे ती, माझ्या घरात नको."

इन्शिराह तिच्या पायाशी खाली बसली. चहाने टोक कडक झालं होतं. तिने दोन बोटं घातली, फास सैल केला, एक पदर ओढला, मग दुसरा. हाग्गा वाकून तिच्या बोटांकडे बघत होती. टोक मोकळं झालं. त्यावर पिवळट डाग होता.

"अशीच सोडली असशील," हाग्गा म्हणाली.

इन्शिराहने मान खाली घातली. नाही, अशी सावकाश नव्हती सोडली. पण तेवढं सांगायला तिचं तोंड उघडलं नाही.